पूजा की नुसती थरथर?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. प्रकृती बरी आहे, गोळ्या वेळेवर घेतो. पत्राला फार उशीर झाला, पण हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

परवा माझ्या डोळ्यांदेखत झाडावर वीज पडली. उजेड आधी की आवाज, तेही कळलं नाही, इतकी जवळ. विजेच्या वाटेतली हवा 30,000 अंशांच्या आसपास तापते आणि एकदम फाकते, म्हणून गडगडाट होतो, हे तूच शिकवलेलं. ते आठवलंसुद्धा. पण पाय लटपटले ते सगळं शांत झाल्यावर. धोका टळला होता आणि भीती वाढत होती! मग हात जोडले गेले. मागायचं काहीच सुचलं नाही. तेव्हापासून एकच घोर लागलाय: ती पूजा होती, की नुसती थरथर?

‘भीतीपोटी केलेली पूजा म्हणजे लाचारी.’ आठवतं? गच्चीवर रात्रभर भांडलास आणि वर माझंच पांघरूण ओढून घोरत पडलास. तेव्हा मी निरुत्तर झालो होतो. आता गीतेचा अकरावा अध्याय पुन्हा काढून बसलोय.

विश्वरूप पाहायचा हट्ट अर्जुनाचाच. दिसलं तेव्हा त्याला दिशा कळेनात. ‘हा उग्र रूपाचा तू आहेस तरी कोण?’ असं तो विचारतो आणि त्याच श्लोकात नमस्कार करतो. उत्तर मिळायच्या आधी, बरं का! उत्तर येतं, ‘मी काळ आहे.’ म्हणजे भीती दुणावायलाच हवी. तर हा पुढून, मागून, सगळीकडून नमस्कार करत सुटतो. आणि क्षमा कशाची मागतो? ‘अरे कृष्णा, अरे सख्या’ म्हणून खेळताना, जेवताना थट्टा केली, त्याची. लाचार माणूस आधी जीव वाचवायला बघेल रे. याला सलतंय ते इतकंच, की एवढा मोठा आपल्या शेजारी बसत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

येशूच्या शिष्यांचंही तसंच. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात त्यांची नाव बुडायला येते, येशू वादळ शमवतो आणि त्यानंतर ते अतिशय घाबरतात, की वारा आणि समुद्रही ज्याचं ऐकतात असा हा आहे तरी कोण! बुडण्याचं भय तर तेव्हा उरलंच नव्हतं.

म्हणून मला वाटतं, भीती जात नाही. पळणारा माणूस थांबतो, वळून समोर बघतो, आणि तीच भीती नमस्कारात उतरते. आपण केवढे लहान, हे तेव्हा कळतं, पण त्यात अपमान वाटत नाही. मला तर उलट बरं वाटलं, खरंच सांगतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा कसा आहे? लेकीला परीक्षेसाठी आशीर्वाद.

भांडायला जरूर ये. पण पंचेचाळिसावा श्लोक वाचून ये. हर्षही झालाय आणि मन भयाने व्याकुळही झालंय, असं अर्जुन तिथे एका दमात सांगतो. त्यातलं लाचार काय, ते मला दाखव.

तुझाच