जनगणनेचा धडा इतिहासात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रबोधनयुग म्हटलं की लॉक, मॉन्टेस्क्यू, रूसो, व्होल्टेअर ही नावं मुलांकडून घोकून घेतली जातात आणि धडा संपतो. न्यूटन विज्ञानाच्या पुस्तकात राहतो. विज्ञानाच्या शिस्तीनं राज्यकारभाराची कल्पनाच कशी पालटली, हे मुलांपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी अमेरिकेची १७९० ची जनगणना शिकवावी, असं मला कळकळीनं वाटतं.

शिरगणती राजेही करत, पण ती करवसुलीसाठी आणि सैन्यभरतीसाठी. स्वीडननं १७४९ पासून लोकसंख्येची नोंद ठेवली, तरी सुरुवातीला आकडे गुप्तच राखले. अमेरिकेच्या १७८७ च्या घटनेनं मात्र दर दहा वर्षांनी माणसं मोजायची आणि त्यानुसार प्रतिनिधिगृहातल्या जागा वाटायच्या, असं बंधनच घातलं. घराणं, जहागीर, राजाची मर्जी यांचा त्या वाटपाशी संबंध उरला नाही.

पहिल्या गणनेच्या कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. गणकानं आपल्या भागाची यादी सही करून तिथल्या दोन वर्दळीच्या ठिकाणी लावायची, म्हणजे कोणालाही ती तपासता यावी. आपला निष्कर्ष चारचौघांपुढे ठेवायचा आणि त्यांना तो पडताळू द्यायचा, ही वैज्ञानिकांची रीत सरकारनं स्वतःला लावून घेतली. पुढे १७९२ मध्ये जागावाटपाचं विधेयक अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यापुढे आलं, तेव्हा भागाकारात उरणाऱ्या अपूर्णांकांवरून वाद पेटला. त्यांचे अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणाले सही करा, परराष्ट्रमंत्री जेफरसन म्हणाले करू नका. अखेर वॉशिंग्टन यांनी ते विधेयक परत पाठवलं. अमेरिकी अध्यक्षांनी वापरलेला हा पहिला नकाराधिकार.

१७९० च्या याच गणनेत एक रकाना गुलामांचा होता. सुमारे ३९ लाख लोकांत जवळजवळ ७ लाख गुलाम. जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरली जात. त्या गुलामांना मताचा अधिकार नव्हता, जागा मात्र त्यांच्या मालकांच्या राज्यांच्या वाढत. मोजणी काटेकोर असूनही अन्याय तसाच राहू शकतो, हेही मुलांना सांगायलाच हवं. मानवी हक्कांचा पुरस्कार करणारे लेखक टॉमस पेन वाचून घडलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तो या पार्श्वभूमीवर वाचला तर त्या अर्पणपत्रिकेचं वजन कळतं.

आपल्याकडे २०२१ ची जनगणना लांबत लांबत २०२७ वर गेली. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य द्यायचं, हे इतकी वर्षं २०११ च्या आकड्यांवरच ठरत आलं आहे. मधल्या काळात वाढलेल्या कुटुंबांचं काय? व्यक्तिगत माहिती गोपनीय ठेवण्याचं कायद्याचं बंधन योग्यच आहे, पण गावाचे आणि प्रभागाचे एकूण आकडे मिळवायला सामान्य माणसाला संकेतस्थळं का धुंडाळावी लागावीत? येत्या गणनेनंतर ते ग्रामपंचायतीच्या आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावेत आणि हरकतींसाठी मुदत द्यावी. राज्य सरकारनं केंद्राकडे हा आग्रह आताच धरावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा