ट्रकच्या नंबरांची बेरीज करणाऱ्या मुलीकडून

विषय : आभार मानण्याबाबत.
संदर्भ : जून २०१३ ते मे २०१४, कॉम्प्युटर लॅब, खिडकीकडची रांग.

आदरणीय मॅडम,

विषय आणि संदर्भ न लिहिता पत्र सुरू केलं असतं तर तुम्ही ते लाल पेन लावून परत पाठवलं असतं, म्हणून आधी ते उरकलं. वर्षभर आम्हाला कॉम्प्युटर शिकवलात, पण स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. जुना लँडलाइन नंबर आता लागत नाही. तुम्ही निवृत्त झालात हे मला फोंड्याच्या मार्केटात वर्गातल्या एका मैत्रिणीकडून कळलं, तेही भाजी घेता घेता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं, उघडं लिहिते आहे. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

तुम्हाला मी आठवेन ती 'वाळपय' म्हणून. आमच्या बाकावर वाळपय, साखळी आणि उसगाव अशा तिघी बसायचो. तुम्ही हजेरी नंबरानं घेत नसा, गावावरनं हाका मारायचात. बारावी कॉमर्स झाल्यावर मला पुढे बीकॉम करायचं होतं, पण घरची गाडी अडली होती. अडली म्हणजे खरोखरच अडली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारनं लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, आणि बाबांचा खनिज वाहणारा ट्रक ताडपत्री घालून अंगणात उभा राहिला. सत्तरी-डिचोली तालुक्यांत तेव्हा दर चार घरांमागे असा एक ट्रक दिसायचा. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नव्हता. वर्षात नोकरी लागेल असं काहीतरी शिकायचं, म्हणून ऑफिस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा डिप्लोमा घेतला. आवड वगैरे काही नव्हती. माऊस मी त्याआधी शाळेत दोनदा हातात धरला होता.

पहिल्या महिन्यात तुम्ही एक्सेल उघडायला लावलंत आणि सांगितलंत, पुस्तकातली 'ए कंपनी, बी कंपनी' नको, घरातला खरा हिशेब आणा. साखळीनं भावाच्या दुकानाची उधारीची वही आणली. उसगावनं आईच्या शिवणकामाची. मी बाबांची खेपांची वही आणली. तारीख, ट्रकचा नंबर, कुठल्या खाणीवरून कुठल्या जेटीवर, किती टन, दर, डिझेल. आमचा एक ट्रक आणि काकांचे दोन. मी दोन दिवस खपून एका महिन्याच्या खेपा भरल्या आणि खाली ऑटोसम दाबत गेले. टनांची बेरीज, पैशांची, डिझेलची. आणि हाताला सवय लागली होती म्हणून ट्रकच्या नंबरांचीसुद्धा.

तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. "कितें जालें गो हें? चार लाखांवर ट्रक?" अख्खी लॅब हसली. मला रडू येण्याच्या बेतात होतं. मग तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि अगदी हळू म्हणालात, "ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे. ते नाव. आकड्यात लिहिलेलं नाव."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं, पण कळलं नोकरीत.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात लागले. दुसऱ्याच महिन्यात पगाराची फाइल बँकेला जायची होती आणि मला नुसती नजर टाकायला दिली होती. नऊ नवे कामगार, सगळ्यांची खाती एकाच बँकेत, सोळा आकडी. माझ्या लक्षात आलं की नऊच्या नऊ नंबरांचा शेवटचा आकडा शून्य आहे. असं कसं होईल? आमच्या सीनिअरनी नंबर सरळ टाइप केले होते. एक्सेलनं ते 'ई प्लस १५' असे आखडून दाखवले, तेव्हा त्यांनी नंबर फॉरमॅट लावून ते पुन्हा लांब केले. दिसायला सगळं ठीक. पण एक्सेल कुठल्याही संख्येचे पंधराच आकडे धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी गुपचूप शून्य बसवतं. नंतर टेक्स्ट फॉरमॅट केला तरी गेलेला आकडा परत येत नाही. सेल आधी टेक्स्ट करायचा आणि मग लिहायचं, नाहीतर नंबराच्या आधी अपोस्ट्रॉफी मारायची. नंबराच्या सुरुवातीचं शून्य खाल्लं जातं तेही एक्सेल त्याला संख्या समजतं म्हणूनच. आम्ही पासबुकांच्या झेरॉक्स काढून नऊही नंबर पुन्हा लिहिले. सीनिअरनी विचारलं, हे कुठं शिकलीस? मी म्हटलं, ट्रकच्या नंबरांची बेरीज करताना. त्यांना काही कळलं नाही.

नावांच्या बाबतीतही तुमचं तेच होतं. फाइलिंगच्या प्रॅक्टिकलला तुम्ही आम्हाला मुद्दाम गोव्याची आडनावं दिली होतीत. ज्यांनी बाहेरच्या राज्यात ऑफिसचं काम शिकलंय त्यांना हे दुखणं कळायचं नाही. एक नाईक 'के'नं संपतो, त्याचा सख्खा चुलतभाऊ 'क्यू-यू-ई'नं. गावकर तीन तऱ्हांनी. कामत कुणाच्या तरी पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर कामोतिम होऊन बसलेला असतो. गावांचं तेच, आपण म्हणतो साखळी, कागद म्हणतो सांकेलीम. मी एकदा शहाणपणा करून सगळे नाईक एका स्पेलिंगचे करून टाकले, यादी छान एकसारखी दिसायला लागली. तुम्ही म्हणालात, "नाव त्याचं आहे, सुधारायचा अधिकार तुला कुणी दिला?" आज पीएफचं नाव आणि आधारचं नाव जुळलं नाही म्हणून कामगाराचे पैसे अडकतात तेव्हा मी कारखान्यातली फाइल आधी उघडते, आणि निम्म्या वेळा कुणीतरी मायेनं सुधारलेलं स्पेलिंगच सापडतं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, नाहीतर हे पत्र दोन पानांवर जाईल आणि तुम्ही म्हणाल की पत्र एका पानाचं असावं. व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधणारं एक्सेलचं सूत्र, त्याच्या शेवटी फॉल्स लिहायला मी कधी विसरत नाही. ते नसलं की एक्सेल जवळपासचं काहीतरी उत्तर देऊन मोकळं होतं. तुम्ही म्हणायचात, "एन-ए, म्हणजे सापडलं नाही, असं आलं तर देवाचे आभार मान, चुकीचं उत्तर आलं तर कुणाला कळणारही नाही." तारखा डावीकडे चिकटल्या आहेत की उजवीकडे ते अजून आधी बघते. डावीकडे असली तर ती तारीख नव्हे, तारखेसारखा दिसणारा मजकूर. चतुर्थीच्या आधी बोनसची पत्रं मेल मर्जनं, एकाच पत्रात यादीतली नावं आपोआप भरून, अर्ध्या तासात निघतात. जीएसटी तुम्ही शिकवला नव्हता, तेव्हा तो नव्हताच, आपण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हॅट भरत होतो. जुलै २०१७ मध्ये ऑफिसात सगळ्यांची धावपळ झाली. मी समोर पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर ठेवला आणि त्याच्याकडे नाव म्हणून बघितलं. पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. कोल्हापूरचा माल आणि गोव्यातल्याच वेर्ण्याचा माल वेगळे का धरायचे, परराज्यातल्या मालावरचा आयजीएसटी कुठे आणि राज्यातल्या मालावरचे सीजीएसटी-एसजीएसटी कुठे, हे त्या पहिल्या दोन आकड्यांवरनंच सुटायला लागलं.

एक तक्रार आहे, ती आभारपत्रात लिहू नये हे माहीत असूनही लिहिते. 'ऑफिसची कार्ये' आणि 'आदर्श सेक्रेटरीचे गुण' ही पाठांतरं आमच्या माथी कशाला मारली? अकरा गुण होते, मला आता एकही आठवत नाही. परीक्षेत असतात म्हणून, हे तुमचं उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं. तुम्ही स्वतः टाइपरायटरवर वीस वर्षं काढून शिकवायला आलेल्या. ईमेलमधलं 'सीसी', कार्बन कॉपी, म्हणजे काय हे सांगायला तुम्ही पर्समधून जुना कार्बन पेपर काढलात, दोन कागदांमध्ये घातलात आणि आम्हाला पेनानं दाबून लिहायला लावलंत. आमची बोटं निळी झाली. बीसीसी म्हणजे खालची प्रत कुणाला न सांगता तिसऱ्याच्या खिशात, असं म्हणालात. तो एक तास त्या अकरा गुणांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. लॅब चारला बंद व्हायची. माझ्याकडे घरी कॉम्प्युटर नाही हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं ते अजून माहीत नाही. ऑगस्टपासून आठवड्यातले तीन दिवस तुम्ही साडेपाचपर्यंत लॅबमध्ये बसायला लागलात, म्हणे पेपर तपासायचे आहेत. चार महिने कसले पेपर तपासत होतात? मी एकदा तुमच्या टेबलावरून गेले तर समोर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं होतं. साडेपाचला किल्ली फिरवायचात आणि माझी कदंब बस चुकू नये म्हणून गेटपर्यंत घाई करायचात. खांडेपारचा पूल ओलांडेपर्यंत अंधार पडायचा.

त्याच संध्याकाळांत मी बाबांची अख्खी वही भरली, दोन सीझनच्या खेपा. पिव्होट टेबल, म्हणजे लांब यादीचा गटवार गोषवारा काढणारा तक्ता, तुम्ही शिकवलंत त्या दिवशी महिना आणि ट्रक असं मांडलं आणि कंत्राटदाराच्या पावत्या शेजारी ठेवल्या. काकांच्या एका ट्रकच्या अकरा खेपा पावत्यांत नव्हत्याच. प्रिंट घेऊन घरी गेले, मोठा शोध लावल्यासारखी. बाबांनी चष्मा लावून कागद बघितला, परत घडी घातली आणि म्हणाले, "म्हाका खबर आसलें." मला माहीत होतं, एवढंच. खाणी बंद, कंत्राटदार गायब, आता मागायचं कुणाकडे? मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडायला निघाले तेव्हा ते म्हणाले, आणखी एक कॉपी काढून आण, काकाला पण दे. माझ्या कामाची दुसरी प्रत कुणीतरी मागितली, ती पहिलीच वेळ.

तुम्हाला हे तेव्हा सांगायचं राहून गेलं. लॅबची किल्ली, तुमचा दीड तास आणि ती खुर्ची ओढण्याची पद्धत, या सगळ्यासाठी मनापासून आभार.

तुमची,
वाळपय

सोबत : खेपांच्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स. (पत्र पाठवण्याआधी दोनदा बघितलं. घातली आहे. ट्रकच्या नंबरांखाली बेरीज नाही.)