दुकानातल्या एकोणीस जणांसाठी कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ना. श्री. आकाश फुंडकर,
कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

सोलापूर, सप्टेंबर २०२५

महोदय,
सप्रेम नमस्कार.

३ सप्टेंबरला मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात आणि कारखाने अधिनियमात बदल करायला मंजुरी दिली. तेव्हापासून पेपरात आणि टीव्हीवर चर्चा आहे ती तासांची. दुकानात नऊचे दहा तास, कारखान्यात नऊचे बारा. कारखान्यांबद्दल कामगार संघटना बोलत आहेत आणि त्यातले त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. मी दुकानांपुरते लिहितो आहे, आणि तेही तासांबद्दल नाही. त्याच निर्णयात दुसरा एक आकडा आहे. दहा किंवा जास्त नोकर असलेल्या दुकानाला लागू असलेला हा कायदा यापुढे वीस किंवा जास्त नोकर असतील तरच लागू होणार. वीसपेक्षा कमी असतील तर मालकाने नुसते कळवायचे, की झाले. सोलापूरच्या बाजारपेठेवर खरा घाव बसणार आहे तो इथे.

मी इथल्या दुकानदारांची शॉप ॲक्टची, म्हणजे याच कायद्याची, आणि जीएसटीची कामे करून देतो. सगळे ऑनलाइन असले तरी बहुतेक मालक फॉर्म भरायला आमच्यासारख्यांकडेच येतात. नाव, पत्ता, धंद्याचा प्रकार इथवर पटापट होते. ‘नोकर किती?’ म्हटले की समोरचा थांबतो. मग विचारतो, ‘दहा टाकले तर काय काय लागतंय?’ मी सांगतो की रीतसर नोंदणी लागेल, हजेरीचे आणि रजेचे रजिस्टर ठेवावे लागेल, आठवड्याची सुट्टी द्यावी लागेल. तो म्हणतो, ‘मग नऊच टाका की.’ खरा आकडा सांगा म्हटले तर काही जण सांगतात, काही उठून दुसरीकडे जातात. आकडा मालकाच्या स्वयंघोषणेवर चालतो, मोजायला दुकानात सहसा कोणी येत नाही. एकाच दुकानाचा तळमजला वडिलांच्या नावावर, वरचा मजला सुनेच्या नावावर, आणि दोन्हीकडे नोकर नऊ-नऊ, असेही चालते. उद्या आकडा वीस झाला की हीच माणसे ‘एकोणीस टाका’ म्हणतील. बहुतेकांना तेही म्हणावे लागणार नाही, कारण आमच्याकडे वीस नोकरांचे दुकान म्हणजे फारच मोठे दुकान.

महोदय, दहा ते एकोणीस नोकरांची दुकाने कोणती, हे सोलापुरात एकदा पायी फिरलात तर दिसेल. नवी पेठेतली साड्यांची आणि रेडिमेड कपड्यांची दुकाने, मधल्या मारुतीच्या आसपासचे होलसेलवाले, मोठी मेडिकल, मोबाईलची शोरूम, नाश्त्याची बऱ्यापैकी चालणारी हॉटेले. ज्याला आपण ‘चांगले चाललेले दुकान’ म्हणतो ते बहुतेक याच मापाचे असते. मालकाची ऐपत आहे, गिऱ्हाईक आहे, नोकरांना रजा देता येईल इतकी माणसेही हाताशी आहेत. आजच्या, म्हणजे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने जे थोडेफार संरक्षण ठेवले होते ते मुख्यतः या दुकानांतल्या माणसांसाठी होते. नेमके त्यांनाच आता बाहेर काढले जात आहे.

बाहेर काढले जाणे म्हणजे काय, हे मी फॉर्म भरणारा म्हणून सांगतो. दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा जाते. वाढीव तासांना दुप्पट दर जातो. आठवड्याची एक हक्काची सुट्टी जाते. वर्षाला ८ किरकोळ रजा, वीस दिवस कामामागे एक भरपगारी रजा आणि सणांच्या ८ भरपगारी सुट्ट्या जातात. ओळखपत्र जाते. पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सक्ती जाते. किमान वेतनाचा कायदा वेगळा असल्यामुळे तेवढा राहतो. पण दिवस किती तासांचा हेच ठरलेले नसेल, तर दिवसाच्या पगाराचा हिशेब कशावर करायचा?

तासांच्या चर्चेत म्हणूनच एक गोष्ट सुटते आहे. नऊचे दहा तास आणि तीन महिन्यांतला ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४, हे वीस आणि त्यावरच्या दुकानांना. त्याखालच्या माणसाला दहा तासांचीही मर्यादा राहणार नाही. आमच्या नवी पेठेतल्या सेल्समनला कोणी विचारले की तुझे तास नवाचे दहा झाले काय, तर त्याचे खरे उत्तर असेल की माझे तास आता मोजायचेच नाहीत.

लगीनसराईत बस्ता बांधायला आलेले कुटुंब दुकानात तीन-चार तास बसते. आजीपासून नवरीच्या मैत्रिणीपर्यंत दहा-पंधरा माणसे असतात आणि त्यांच्यासमोर साड्यांचा डोंगर होतो. ते उठून गेले की दुसरे कुटुंब बसते. रात्री शटर अर्धे खाली येते तेव्हा गिऱ्हाइकांचा दिवस संपतो, नोकरांचा नाही. उलगडलेली प्रत्येक साडी पुन्हा मूळच्या घडीवर घालायची, पिना लावायच्या, रंगवार रचायची. हे काम करणाऱ्यांत आता मुलीच जास्त आहेत. त्यांतल्या कितीतरी जणी दिवसा पाणी बेताने पितात, कारण दुकानात त्यांच्यासाठी मोरीसुद्धा नसते आणि बाजारातले सार्वजनिक स्वच्छतागृह लांब असते किंवा जाण्यासारखे नसते. आजचा कायदा दहा नोकरांच्या मालकाला स्वच्छतागृह ठेवायला सांगतो. पाळला जात नसला तरी निदान तक्रार करायला आधार आहे. तुमची दुरुस्ती तो आधारच काढून घेते.

या मुलींपैकी अनेकींच्या आया विड्या वळतात. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत, शहराच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांत घरोघरी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका तुम्हाला दिसतील. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा घरात बसून विडी वळणाऱ्या त्या बाईलाही कामगार मानतो. तिच्या घरात दहा बायका आहेत की एकटीच, हे तो विचारत नाही. त्यामुळेच ती रजेचा पगार मागू शकते, आणि वेगळ्या कायद्याने भविष्य निर्वाह निधीही. हे सगळे तिला लढून मिळवावे लागले आणि अजूनही लढावे लागते. पण हक्क आहे म्हणून लढता येते. मुलीने तंबाखूत हात घालू नये, चार माणसांत चांगले काम करावे म्हणून त्या माऊलीने तिला बारावीपर्यंत शिकवले. ती मुलगी एसी लावलेल्या शोरूममध्ये उभी राहिली, आणि कायद्याच्या हिशेबाने आता आईपेक्षाही उघड्यावर पडणार. सोलापूरच्या कामगाराची एका पिढीत अशी घसरण होणार असेल, तर ती तुमच्या खात्याच्या विधेयकाने तरी होऊ नये.

ही घसरण टप्प्याटप्प्याने होत आली आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. दुकानातल्या नोकरांसाठी मुंबई प्रांताने १९३९ मध्ये कायदा केला, तो देशातला पहिला. पुढे १९४८ चा कायदा आला. तो जिथे लागू होता तिथे दुकानात एक नोकर असो की पन्नास, सगळ्यांना लागू होता. २०१७ मध्ये तो रद्द होऊन नवा आला आणि दहाच्या आतले सगळे वगळले गेले. तेव्हाही कारण व्यवसाय सुलभतेचेच होते. आता वीस. पुढचे सरकार पन्नास म्हणणार नाही कशावरून? जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या सोलापूरच्या कापडगिरण्या बंद पडल्यावर ज्यांची मुले दुकानांत लागली, त्या घरांनी हक्काची रजा म्हणजे काय ते पाहिले आहे. म्हणून त्यांना ती गेल्याचे जास्त लागते.

मालकांची बाजू मला माहीत आहे, माझे पोट त्यांच्यावर आहे. ऑनलाइन खरेदीने त्यांचे गिऱ्हाईक तोडले, भाडी वाढली, जीएसटीची विवरणपत्रे आहेत, महापालिकेचे वेगळे. पंधरा नोकरांच्या दुकानदाराला कागद कमी करून द्या, मी स्वतः पाठिंबा देईन. नोंदणी नको, नुसती सूचना पुरे, एवढे म्हणायचे असेल तर जरूर म्हणा. माझी हरकत आहे ती नोंदणीची सूट आणि हक्कांची सूट एकाच आकड्याला बांधण्यावर. कागद कमी झाले म्हणून मालकाचा वेळ वाचतो, त्यासाठी नोकराची सुट्टी कशाला जायला हवी?

आणि या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे याच कायद्यात याच विधिमंडळाने करून दाखवले आहे. दुकानाची पाटी मराठीत हवी, हा नियम दहाच्या आतल्या दुकानांना लागत नव्हता. त्या पळवाटेवर ओरड झाली आणि २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन, नोकर कितीही असोत, पाटी मराठीतच लावायची असे ठरले. त्यासाठी छोट्या दुकानांना मोठ्या दुकानांची नोंदणी करावी लागली नाही. बाकीची सूट कायम ठेवून एक तरतूद तेवढी सगळ्यांना लागू केली. ती दुरुस्ती योग्यच होती. मग पाटीसाठी जे जमले ते त्या पाटीखाली उभ्या असलेल्या माणसासाठी का जमू नये?

माझी मागणी एवढीच आहे. विधेयकात वीसचा आकडा ठेवायचाच असेल तर तो नोंदणीपुरता आणि रजिस्टरांपुरता ठेवा. कायदा कोणाला लागू हे सांगणाऱ्या कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुस्ती, जोडा, की कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, वाढीव कामाचा दुप्पट मोबदला, रजा, ओळखपत्र, पाणी आणि स्वच्छतागृह यांबाबतच्या तरतुदी नोकरांच्या संख्येचा विचार न करता प्रत्येक आस्थापनेला लागू राहतील. अगदी छोट्या, दोन-तीन नोकरांच्या दुकानाला यातले सगळे झेपणार नाही असे वाटत असेल तर त्यांच्यासाठी वेगळी पायरी ठेवा. पण साप्ताहिक सुट्टी आणि ओळखपत्र यांवर तडजोड करू नका. ओळखपत्राचा आग्रह अशासाठी की इथे पगार बहुधा रोखीत मिळतो, नेमणुकीचे पत्र नसते. उद्या भांडण झाले, डिलिव्हरीला जाताना अपघात झाला, तर हा माणूस आमच्याकडे होता हे सिद्ध करायला त्याच्याजवळ दुसरे काहीच नसते.

वीसच्या आकड्याबद्दल आणखी एक. भविष्य निर्वाह निधीचा कायदाही वीसलाच लागतो. म्हणजे विसावा नोकर कागदावर आला की मालकावर दोन्ही ओझी एकदम येणार. अशा वेळी तो विसावा माणूस कागदावर घेतला जाणार नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. रोजगार वाढावा म्हणून हा बदल असेल, तर तो एकोणीसवर अडणार.

आता कामकाजाबद्दल. हिवाळी अधिवेशनापर्यंत न थांबता अध्यादेश काढण्याचा विचार असेल तर कृपया तो सोडून द्या. इतकी माणसे ज्यात अडकली आहेत त्या बदलाला आणीबाणीची घाई नाही. विधेयक मांडा आणि ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवा. विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी हे झाले. समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या आणि मसुद्यात काही बदल करून मगच ते जुलैमध्ये सभागृहात आले. ते बदल पुरेसे होते की नाही यावर लोकांचे मतभेद आहेत, माझेही मत आहे, पण लोकांनी लिहिले आणि ते नोंदले गेले. दुकानातल्या नोकराची ना युनियन, ना त्याच्यासाठी मोर्चा. त्याला बोलायला दुसरी जागा नाही. केरळात तर बहुतेक प्रत्येक विधेयक विषय समितीकडे जातेच, तिथे त्यासाठी वेगळी विनंती करावी लागत नाही.

मसुदा प्रसिद्ध कराल तेव्हा एक सोय करा. दुरुस्ती विधेयकात नुसते लिहिलेले असते की अमुक पोटकलमात ‘दहा’ या मजकुराऐवजी ‘वीस’ हा मजकूर दाखल करण्यात येईल. मूळ कायदा शेजारी नसेल तर त्या एका ओळीने कोणाची सुट्टी गेली ते वाचणाऱ्याला कळत नाही. आजचे कलम एका बाजूला, बदललेले दुसऱ्या बाजूला, असा तक्ता मराठीत द्या. सोलापूरसाठी तेलुगू आणि कन्नडमध्येही दिलात तर पूर्व भागातली कितीतरी घरे तो स्वतः वाचतील. हरकती घ्यायला निदान तीस दिवस ठेवा, आणि ते दसरा-दिवाळीच्या गर्दीत घालू नका. त्या दिवसांत दुकानातल्या माणसाला जेवायला फुरसत नसते, हरकत कधी लिहिणार?

समितीने सोलापुरात सुनावणी ठेवली तर मी आणि माझ्या ओळखीचे काही जण माणसे जमवण्यापासून कागद लिहून देण्यापर्यंत सगळे काम करायला तयार आहोत. दोन-चार मालकही येतो म्हणाले आहेत, त्यांचेही ऐकून घ्या. वेळ मात्र रात्री साडेनऊनंतरची ठेवावी, त्याआधी या लोकांना दुकानातून निघता येत नाही.

आपला,
शॉप ॲक्टचे फॉर्म भरून देणारा एक सोलापूरकर