मालिका वाचवायची तर पत्र जाहिरातदाराला

मा. संपादक, स. न.

आवडती मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली की ठाणे-डोंबिवलीतले प्रेक्षक हॅशटॅग चालवतात, कलाकारांच्या पोस्टखाली विनवण्या करतात. तळमळ खरी असते, पण ती चुकीच्या दारी आणि फार उशिरा पोहोचते याचे आम्हाला वाईट वाटते.

टीआरपी ठरतो बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेच्या मीटरवरून. देशभरात 50,000 हून अधिक घरांत ही मीटर आहेत. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण मीटर टिपते आणि जो पाहत असेल तो रिमोटवरचे आपले बटण दाबतो. ही घरे कोणती, हे गुप्त असते. त्यामुळे अख्ख्या सोसायटीने ठरवून टीव्ही लावला तरी तिथे मीटर नसेल तर गुरुवारच्या आकड्यात तसूभर फरक पडत नाही. मोबाइलवर पाहिलेला भाग त्या आकड्यात धरत नाहीत, पण अधिकृत ॲपवर पाहिला तर त्याची नोंद वाहिनीकडे राहते. टेलिग्रामवरून उतरवलेला भाग कुणाच्याच हिशेबात नसतो.

धोक्याची पहिली घंटा म्हणजे वेळबदल. साडेआठची मालिका साडेसहाला किंवा रात्री अकराला सरकवली की त्याच आठवड्यात पत्रे जायला हवीत. त्या बदललेल्या वेळेसाठी नव्या मालिकेचा प्रोमो सुरू झाला, म्हणजे कलाकारांच्या तारखा दुसरीकडे गेलेल्या असतात आणि घोडबंदर रोडवरचा सेट उतरवायची बोलणी झालेली असतात. मग निर्मात्याची इच्छा असूनही उपयोग नसतो.

पत्रे तिघांना पाठवावीत: वाहिनीचा कार्यक्रम विभाग, निर्मिती संस्था आणि ब्रेकमध्ये रोज दिसणारे दोन-तीन जाहिरातदार. पैसा तिथून येतो, आणि नेमके त्यांनाच कुणी लिहीत नाही. 2009 मध्ये अमेरिकेत 'चक' या मालिकेच्या चाहत्यांनी शेवटच्या भागाच्या दिवशी प्रायोजक सबवेची सँडविच विकत घेतली. एनबीसी वाहिनीने पुढचे पर्व जाहीर केले ते सबवेशी करार करूनच.

मजकूर एका पानाचा, शक्यतो हाताने लिहिलेला. मालिका, तिची वेळ, घरात कोण कोण पाहते, जाहिरातीतली कोणती वस्तू घरी येते, एवढे पुरे. एकच मसुदा शंभर जणांनी पाठवला तर तो एकाच माणसाचा वाटतो. बीसीसीसी या तक्रार समितीकडे अर्ज करू नये. ती आक्षेपार्ह आशयाच्या तक्रारींसाठी आहे. आणि कलाकारांना बोल लावणे तर मुळीच नको, निर्णय त्यांच्या हाती नसतो.

मागणी नेमकी हवी. 1968 मध्ये 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या पत्रांनंतर तिसरे पर्व मिळाले, पण शुक्रवारी रात्री दहाला. 1969 मध्ये मालिका संपलीच. म्हणून 'बंद करू नका' एवढ्यावर न थांबता वेळही मागावी. संध्याकाळी साडेसहाला ठाण्याचा नोकरदार प्रेक्षक लोकलमध्ये उभा असतो, हे वाहिनीला स्पष्ट लिहावे. ते जमत नसेल तर कथा नीट संपवायला पुरेसे भाग मागावेत. 2007 मध्ये 'जेरिको' या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांनी सीबीएस वाहिनीकडे 20 टनांहून अधिक शेंगदाणे धाडले, तेव्हा सातच भाग मिळाले. आपल्याकडे दैनंदिन मालिकेला सात भाग म्हणजे जेमतेम आठवडा, तेव्हा निदान तीन आठवडे मागावेत.

— काही मालिकाप्रेमी, नौपाडा, ठाणे