पत्ता यीचांगचाच आहे

यीचांग,
चीन, 3 नोव्हेंबर

ती. आबा आणि आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आजीच्या पाया पडतो. सोनूला आशीर्वाद.

मी मजेत आहे, तब्येत उत्तम आहे. पत्र बघून घाबरू नका. फोनवर बोलणं होतंच, पण आईचं 'जेवलास का' संपून आबा बोलायला लागले की नेमका आवाज तुटतो आणि खरं बोलायचं ते राहून जातं. वाईचा एक मुलगा इथं डॉक्टरकी शिकतोय. तो भावाच्या लग्नाला निघालाय, त्याच्या हाती हे पाठवतोय. सोबत चहाची पुडी आहे आणि आजीच्या गुडघ्यांसाठी तेल. चहा बिनदुधाचा प्यायचा असतो. तुम्ही दूध घालणारच, घाला.

जेवणाचं आईला माहीत आहे, ते परत लिहीत नाही. वजन कमी झालेलं नाही. फोटोत बारीक दिसतो तो शर्ट मोठा आहे म्हणून.

आबा, आधी तुमच्या दरडीचं. पावसाळ्यात 'यीचांग शहरात दरड कोसळली' असं कुठंतरी वाचलंत आणि रात्रभर जागलात. सकाळी माझा फोन लागेपर्यंत आईनं चूल पेटवली नव्हती, हे सोनूनं मला नंतर सांगितलं. ती दरड वूफंग तालुक्याच्या डोंगरातल्या रस्त्यावर आली होती. मला तर त्या दिवशी नुसता पाऊस दिसला. तेव्हा मी हसून 'अहो, ते लांब आहे' म्हणालो आणि तुम्ही चिडलात, 'शहरात म्हणजे लांब कसं?' चूक तुमची नाही. इथल्या 'शहर' या शब्दाचीच आहे. तुमची सगळी नोकरी तलाठ्याच्या दप्तरात गेली, सातबारा आणि गावनकाशे तुम्हाला तोंडपाठ. म्हणून तुम्हाला नीट समजावतो, इतरांनी हा भाग सोडला तरी चालेल.

आपल्याकडं शहर म्हणजे नगरपालिकेची हद्द. जुना जकात नाका गेला की उसाचं रान सुरू. इथं शहराला 'शी' म्हणतात, पण यीचांग शी म्हणजे आपल्या हिशेबानं अख्खा जिल्हा, तोही थोराड. आपला सातारा जिल्हा 10,480 चौरस किलोमीटर. हे 'शहर' 21 हजारांच्या आसपास, म्हणजे सातारा त्यात दोनदा बसतो. माणसं 2020 च्या शिरगणतीत 40 लाख. नेटवर 'यीचांग, लोकसंख्या 40 लाख' वाचून तुम्हाला पुण्यासारखं काहीतरी वाटलं असेल. त्या 40 लाखांत डोंगरात शेळ्या वळणारेही आले.

आपल्याकडं तालुके 11, इथं तुकडे 13. पाच 'च्यू', त्यांना पेठा म्हणा: शीलिंग, वूज्यागांग, द्येनच्युन, श्याओथिंग आणि यीलिंग. तीन 'श्येन', म्हणजे साधे तालुके: युआनआन, शिंगशान आणि झिगुई. आणखी दोन तालुके थूज्या जमातीच्या लोकांचे, छांगयांग आणि वूफंग. त्यांच्या नावात 'स्वायत्त' असं लागतं. राहिले तीन, यीदू, दांगयांग आणि झीज्यांग, आणि खरी गंमत इथं आहे: हे तिन्ही पुन्हा 'शी'च! शहराच्या पोटात शहर. समजा उद्या सरकारनं सातारा जिल्ह्यालाही शहर म्हटलं आणि कराड तालुक्यालाही शहर म्हटलं. मग तुम्ही पाकिटावर लिहिणार 'कराड शहर, सातारा शहर', आणि त्या कराड शहरात राहणारा माणूस सकाळी उठून म्हशीची धार काढणार. तसंच आहे हे. मला पहिले सहा महिने कळलंच नव्हतं. 'आमच्या शहरात आहे, जवळच' असं कुणी म्हटलं की मी चालत निघायचो.

पूर्वी इथंही जिल्हा निराळा आणि शहर निराळं होतं. 1992 साली दोन्ही एक केले. शहराच्या हाती भोवतालचे तालुके द्यायचे, म्हणजे शहराच्या जोरावर खेडी वर येतील, अशी कल्पना. देशभरच तसं चाललं होतं. पुढं 2001 साली शहराला लागून असलेला यीचांग तालुकाच उचलून 'यीलिंग च्यू' करून टाकला. त्यामुळं यीलिंग कागदावर शहरातली पेठ, पण त्या पेठेत डोंगर आहेत, चहाचे मळे आहेत, आणि जगातलं सगळ्यात मोठं वीजधरणही आहे. त्या धरणाचं पुढं सांगतो.

पत्ताही उलटा लिहितात. आपण आधी माणसाचं नाव लिहितो, मग घर, मु. पो., ता. पाटण, जि. सातारा, असं बाहेर बाहेर जातो. इथं आधी देश, मग प्रांत, मग शी, मग श्येन, मग गाव, गल्ली, इमारत, आणि सगळ्यात शेवटी माणूस. उतरंड चढून गेल्यावर मी सापडतो. माझा पत्ता असा: चीन, हूपेइ प्रांत, यीचांग शी, झिगुई श्येन, माओपिंग.

आबा, तुम्ही इथं थांबला असाल. चष्मा वर करून 'झिगुई तर तालुका म्हणालास' असं म्हणाला असाल.

होय. मे महिन्यापासून मी शहरात नाही. शहरातल्या ज्या केंद्रात योगासनं शिकवत होतो ते बंद पडलं. मालकानं दोन महिन्यांचा पगार 'देतो देतो' म्हणून दिला नाही, अजूनही देतो म्हणतोय. तेव्हा सोनूची बघाबघी चालली होती, म्हणून घरी बोललो नाही. वर्गातल्या एका बाईंच्या ओळखीनं इथं काम लागलं. कागद सगळे नव्यानं करून घेतलेत, परवाना नव्या मालकाच्या नावावर झालाय, आल्या आल्या 24 तासांच्या आत पोलिसांत नव्या पत्त्याची नोंदही केली. त्यांच्यापुढं खोटा पत्ता चालत नाही. तुम्ही फोनवर 'यीचांगलाच ना?' विचारायचात आणि मी 'हो' म्हणायचो. ते खोटं नव्हतं. कागदावर बघा, यीचांगच आहे. पण तलाठ्याच्या मुलानं कागदाचा असा उपयोग करू नये, हे मलाही कळतं.

इथं शहरापेक्षा बरं चाललंय, हे मनापासून सांगतो. भाडं निम्मं, हवा स्वच्छ, शहर बसनं तासाभरावर. डोंगरभर संत्री लागलीत. त्या संत्र्याला खाली बेंबीसारखी खूण असते आणि त्यांच्या भाषेत नावही 'बेंबीचं संत्रं' असंच आहे. शेजारीण पिशवी भरून दारात ठेवून जाते. हा तालुका छ्यू युआन नावाच्या जुन्या कवीचा. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी त्यानं नदीत जीव दिला, आणि त्याच्या नावानं अजून दर वर्षी पाचव्या महिन्याच्या पंचमीला होड्यांच्या शर्यती लागतात, पानात बांधलेला चिकट भात करतात. मीही चार खाल्ले.

आता धरणाचं. हे आजीला एकदम वाचून दाखवू नका.

माझ्या खोलीतून नाही, पण गल्लीच्या टोकाला गेलं की धरणाची भिंत दिसते. सान्शिया, म्हणजे तीन घळींचं धरण. दोन किलोमीटरांहून लांब भिंत आहे. आपल्या कोयनेचं साठवण 105 टीएमसी. इथलं गणित मी तुमच्यासाठी करून ठेवलंय: सुमारे 1,388 टीएमसी, म्हणजे तेरा कोयना. वीज कोयनेची 1,960 मेगावॉट, इथली 22,500. ज्या आजीला 1967 च्या कोयनेच्या भूकंपाचा 11 डिसेंबर पहाटेसकट आठवतो, ज्या आजीनं निघताना माझ्याकडून 'धरणाजवळ राहणार नाही' असं कबूल करून घेतलं, तिचा नातू असल्या भिंतीशेजारी राहतोय. मान्य. पण नीट ऐका, मी धरणाच्या वरच्या अंगाला आहे. काही झालंच, होणार नाही, पण झालंच, तर पाणी खाली जाईल, माझ्याकडं नाही. उलट शहरात होतो तेव्हा मी खालच्या अंगाला होतो, आणि तुम्ही निर्धास्त झोपत होता. शहराच्या मध्येही नदीवर एक धरण आहेच, गेझोबा नावाचं. त्याबद्दल मी कधी बोललो नव्हतो एवढंच.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल, आबा. आपलं कोयना पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात तळाला जातं. इथं पावसाळ्याच्या तोंडावर ते मुद्दाम उतरवतात, 175 मीटरवरून 145 वर, पुराला जागा म्हणून. सात कोयना मावतील एवढी जागा ऐन पावसात मोकळी ठेवतात. मग पाऊस सरला की भरायला घेतात. आता आपल्या दिवाळीच्या सुमाराला नदी काठोकाठ येत चाललीय. जूनमध्ये गेलात तर काठाला तीस मीटरचा उघडा, मातकट पट्टा दिसतो. हिरवं काही नाही. मी तिथं संध्याकाळी उभा राहायचो आणि का कोण जाणे, आजीच्या माहेराची आठवण यायची.

माझ्या सकाळच्या वर्गात सगळ्या साठीपुढच्या बाया आहेत. योगासनं म्हणजे त्यांना संध्याकाळच्या चौकातल्या नाचाला पूरक व्यायाम, त्याहून जास्त काही नाही, आणि शवासनात त्या गप्पा मारतात. त्यातल्या एकीला मी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? तिनं नदीकडं बोट केलं आणि म्हणाली, 'एकशे पस्तीसच्या खाली.' मला कळेना. मग समजलं. तालुक्याचं जुनं गाव ग्वीझोउ वरच्या अंगाला नदीकाठी होतं. 1998 साली कचेऱ्या माओपिंगला आणल्या आणि 2003 साली पाणी 135 मीटरवर चढलं. तिचं घर त्यात गेलं. पुढच्या टप्प्यांनी 156, मग 175. धरणापायी बारा लाखांवर माणसं हलवली, आणि इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात आपलं घर कितीच्या खाली होतं तो आकडा येतो. गावाचं नाव नंतर.

मी तिला म्हणालो, माझ्या आजीचं माहेरही धरणाखाली आहे. मोडक्या चिनीत सांगितलं, बहुतेक चुकीचं. तिनं विचारलं, कितीच्या खाली? मला आकडा माहीत नव्हता. आबा, कोयनेत आजीचं गाव कोणत्या पातळीला होतं, तुमच्या जुन्या ओळखीतून कळेल का? घाई नाही. पण दर आठवड्याला भेटते ती, आणि विचारते.

आता मुद्द्याचं. सोनूची सुपारी फुटली हे ऐकून त्या दिवशी वर्गात सगळ्यांना संत्री वाटली. तीन लाख देईन असं मी म्हटलं होतं. पण तो अडकलेला पगार आणि इथं नव्यानं बस्तान बसवायचा खर्च, यात हिशेब थोडा चुकला. दीड लाख या महिन्यात पाठवतो. बाकीचे फेब्रुवारीपर्यंत नक्की. तेवढ्यासाठी आबा, वरच्या शेताचा विचार करू नका. सोनूनं मला सगळं सांगितलंय, तिच्यावर रागावू नका. हॉलच हवा असं नाही, आपल्या दारात मांडव घातला तरी शोभेल. आणि शक्य असेल तर तारीख फेब्रुवारीच्या मध्यावर काढा. तेव्हा इथं नवं वर्ष असतं, वर्ग बंद असतात, मला येता येईल. तिकिटं तेव्हा महाग असतात, पण येईन. तारीख दुसरी निघाली तरी करवला म्हणून माझी वाट बघू नका, असं लिहिणार होतो. लिहीत नाही. बघा.

आई, कराडच्या स्थळाचं. तू त्यांना 'मुलगा चीनमध्ये मोठ्या शहरात असतो' असं सांगितलंस. कागदावर ते बरोबर आहे, वर एवढं समजावलंच. पण त्या पोरीनं उद्या नकाशा उघडला तर तिला डोंगर, संत्री आणि धरण दिसेल. तिला असं सांग, की मुलगा तालुक्याच्या गावी बायकांना योगासनं शिकवतो, पगार वेळेवर मिळतो, आणखी दोन वर्षं राहायचा विचार आहे. त्यावर त्यांनी नाही म्हटलं तर म्हणू दे. तू वाईट वाटून घेऊ नकोस, आणि मावशीपुढं माझी बाजू घेऊन भांडू नकोस.

सोनूला म्हणावं, साडीचा रंग फोटोत नीट कळत नाही, उजेडात धरून पुन्हा पाठव.

तुमचा,
बाळू

ता. क. आजीला सांगताना आधी 'वरच्या अंगाला राहतो' हे सांगा. धरणाचं नंतर.