मॉरिशसच्या काकांना, पुण्याहून

काका, सा. न. वि. वि.

आमच्या बोटीचं फाटलेलं शीड शिवून दिलंत त्याबद्दल फोनवर मी आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच पुण्याच्या पावसाचं विचारता आणि विषय तिथेच राहतो, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आमची पुण्यातली मंडळी पण वाचतील आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी शिडाची बोट फक्त लांबून बघितलीये, तर थोडं सविस्तर लिहितो.

आम्ही तिघं पुण्याचे, बोट मित्राची, चाळीस फुटी. हिंदी महासागरातल्या कोकोस कीलिंग बेटांहून निघालो की मॉरिशसचं रॉड्रिग्ज बेट साधारण दोन हजार सागरी मैल, मधे कुठेही जमीन नाही. वारा मागून असतो, त्यामुळे बोट मुख्यतः पुढच्या मोठ्या शिडावर, म्हणजे जिनोआवर चालते. रॉड्रिग्जच्या अलीकडे रात्री वाऱ्याचा एक जोराचा सपाटा आला आणि त्याच जिनोआची मागच्या कडेजवळची शिवण उसवत गेली. मग ते गुंडाळून उरलेल्या शिडावर रडतखडत रॉड्रिग्ज आणि तिथून मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई. कस्टम्स, इमिग्रेशन, कोस्ट गार्ड, आरोग्य खातं हे सगळं धक्क्यावर उरकलं, शेजारच्या कोडां मरीनात बोट लावली आणि विचारपूस सुरू केली, पण एवढं मोठं शीड शिवणारं कोणी मिळेना. ऑक्टोबर चालू होता. नोव्हेंबरपासून तिकडे सायक्लोनचा सीझन, त्याआधी सगळ्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनकडे निघायचं असतं. अशा वेळी मरीनाच्या वॉचमन दादांनी तुमचा नंबर दिला आणि म्हणाले, हे पण मराठीच आहेत, बोलून बघा.

तुम्ही त्याच संध्याकाळी आलात. उसवलेल्या जागेकडे बघितलंत न बघितलंत आणि जी शिवण आम्हाला एकदम ठणठणीत वाटत होती तिथे अंगठ्याचं नख घासलंत, तर दोऱ्याचा भुगा पडला. दुसरीकडे घासलंत, तिथेही तेच. मग म्हणालात, कापड चांगलं आहे, दोरा उन्हानं खाल्लाय, फाटलं तेवढं शिवलं तर पुढच्या वाऱ्यात शेजारची शिवण जाईल. आम्ही दोन मीटरचं काम घेऊन आलो होतो, तुम्ही अख्खं शीड करायला घेतलंत.

ब्लॅक रिव्हर भागातल्या तुमच्या गावच्या बैठकेचा, म्हणजे समाजमंदिराचा, हॉल उघडून घेतलात कारण घरात ते पसरणारच नव्हतं. आधी गोड्या पाण्यानं धुवून वाळवायला लावलंत, मीठ राहिलं तर शिवण्याआधी कापड जोडून ठेवणारी चिकटपट्टी धरत नाही म्हणून. मग ते तुमचं जाडजूड वॉकिंग फूट मशीन, म्हणजे ज्याचा वरचा पायही जाड कापड पुढे सरकवतो ते, जे कपड्याची फॅक्टरी बंद झाली तेव्हा तुम्ही भंगारात जाऊ न देता विकत घेतलं होतंत. २००५ साली कुठल्या देशानं किती कापड-कपडे निर्यात करायचे याचा जागतिक कोटा संपला आणि मॉरिशसच्या किती फॅक्टऱ्या बसल्या, किती बायकांच्या नोकऱ्या गेल्या हे तुम्ही शिवता शिवता सांगत होतात. त्या फॅक्टरीत तुम्ही मशीन मेकॅनिक होतात, शीड तुम्ही शिवायला लागलात ते नंतर. आम्ही दोघं गुंडाळी उचलून धरायचो, तिसरा पलीकडून ओढायचा, आणि तुम्ही वीतभर शिवून झालं की थांबून टाक्यावरून बोट फिरवायचात. झिगझॅगच का ते पण समजावलंत, शिडाला ताण आला की कापड ताणतं, सरळ टाका तटकन तुटतो, झिगझॅग थोडा पसरतो. इतक्या शांतपणे मला आजवर कोणी काही शिकवलेलं नाही, खरंच सांगतो.

आणि काकू. रोज दुपारी डाळपुऱ्या आणि वालाची भाजी, वर मिरचीची चटणी, आणि आमच्याशी क्रिओलमधे, म्हणजे तिकडच्या बोलीत, बोलणाऱ्या काकू संध्याकाळी दिवा लावला की सुखकर्ता दुःखहर्ता पूर्ण म्हणायच्या, एक शब्द न अडखळता. गणेश चतुर्थीला तुमच्याकडे देशभर सुट्टी असते हे मला तिथे येईपर्यंत माहीत नव्हतं. तुमच्याकडचे समुद्रावरच्या विसर्जनाचे फोटो आईला पाठवले तर ती दिवसभर शेजारपाजारी दाखवत फिरत होती.

काम संपल्यावर तुम्ही आम्हाला बंदराजवळच्या आप्रवासी घाटावर नेलंत. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख लोक इथे मजुरीच्या करारावर उतरले, त्यात तुमचे पणजोबा, रत्नागिरीकडचे. तुम्ही त्या दगडी पायऱ्यांपाशी चपला काढून उभे राहिलात, मग आम्ही पण काढल्या. एप्रिल २०१८ मधे सुकाणू बिघडलं म्हणून आपल्या नौदलाची तारिणी पोर्ट लुईला आली, सहा महिला अधिकाऱ्यांची बोट, ती बघायला तुम्ही काकूंना घेऊन गेला होतात हे पण तिथेच सांगितलंत.

आता जे फोनवर नीट सांगता आलं नाही ते. मादागास्करच्या दक्षिणेला सगळे ज्याला घाबरतात तो नैऋत्येचा वारा आम्हाला लागलाच. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचा अगुल्हास प्रवाह नैऋत्येकडे धावतो, त्या प्रवाहाच्या समोरून वारा आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात, म्हणून तसा वारा यायच्या आधी वेग ठेवून योग्य वेळेत प्रवाह पार करायचा असतो, आणि वेग म्हणजे जिनोआ. शीड अर्धं गुंडाळून आम्ही चाललो होतो, रात्रभर टॉर्च मारून शिवणी बघत होतो. एक टाका सुटला नाही काका. तुम्ही फक्त उसवलेल्या जागेचं बिल लावलंत, बाकी शिवणींचं नाव नाही, आणि आम्ही तिघं डर्बनला सुखरूप पोचलो ते त्या बाकी शिवणींमुळे. आमच्या घरच्यांना हे माहीत आहे. आई तुमचं नाव घेतल्याशिवाय त्या प्रवासाबद्दल बोलत नाही.

पार्सल तयार आहे. काकूंना मोठ्या अक्षरातलं आरत्यांचं पुस्तक हवं होतं ते अप्पा बळवंत चौकात मिळालं, आईनं गोडा मसाला दिलाय, आणि मशीनच्या जाड सुया रविवार पेठेतून घेतल्यात, नंबर तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून जुळवलाय, तरी लावण्याआधी एकदा तपासा. पुढच्या गणपतीत दोघं पुण्याला या, कोथरूडला आमच्याकडेच उतरायचं, तिकिटाचं आम्ही तिघं बघतो. तारखा कळवा. तुमच्याकडे रात्रीचे आठ म्हणजे इथे साडेनऊ, आम्ही जागेच असतो.

तुमचा,
बोटीवरचा उंच मुलगा