यावेळी आई बाबांना घेऊन येणार

कर्वेनगर, पुणे

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पुण्याला येऊन आईच्या मानेवरच्या चामखिळी आणि बाबांच्या पाठीवरचा मस डॉक्टरांना दाखवायचा विषय फोनवर निघाला की बाबा "बघू, बघू" म्हणत फोन आईकडे देतात आणि आई मला गवारीचा भाव सांगायला लागते. म्हणून हे पत्र. आता विषय बदलून दाखवा!

माझ्या मानेवरच्या चामखिळी गेल्या महिन्यात काढून घेतल्या. आईला ऑपरेशन म्हटलं की धडकी भरते, म्हणून काय झालं ते सांगते. कर्वे रस्त्यावरच्या एका स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मानेला बधिर करणारं मलम फासून मला तासभर बाहेर बसवलं. मग आत झोपवून कॉटरीच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या डाग द्यायच्या उपकरणाच्या, बारीक टोकाने एकेक चामखीळ मुळाशी जाळून काढली. दुखलं नाही, पण केस जळल्यासारखा वास आला, तो आईला अजिबात आवडणार नाही. चामखीळ मोठी असली तर इंजेक्शन देतात. ते टोचताना चुणचुणतं, पुढचं काही कळत नाही. टाके पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ऑफिसला गेले. नंतर खपल्या धरल्या आणि त्या आपोआप पडल्या. नखाने उचकटायच्या नाहीत एवढंच पथ्य, आणि ते पाळणं मला सगळ्यात जड गेलं.

आई, तुझ्या मानेवरच्या चामखिळी मंगळसूत्रात अडकतात, रक्त येतं, म्हणून काढायच्या. एरवी त्या तशाच राहिल्या तरी काही बिघडत नाही. एक कापली की दहा उगवतात असं शेजारच्या काकू सांगतात, त्यात तथ्य नाही. नव्या येऊ शकतात, पण त्या वयामुळे, वजनामुळे, कातडी घासल्यामुळे. मात्र डॉक्टरांनी मला आवर्जून विचारलं की घरात कुणाला मधुमेह आहे का. मानेवर, काखेत पुष्कळ चामखिळी असतील आणि मानेची मागची कातडी काळपट, जाड झाली असेल, तर रक्तातली साखर बघून घ्यावी म्हणाले. आजीचं तुला ठाऊकच आहे. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तिथेच, साताऱ्यात करून घे. त्यासाठी पुण्याची वाट बघू नकोस.

आणि काकूंचा चुना-सोड्याचा लेप लावायचा नाही. बाबा, तुम्हीच नववीच्या वर्गाला शिकवायचात की चुन्याची निवळी आणि धुण्याचा सोडा एकत्र केला की कॉस्टिक सोडा होतो. तो आईच्या मानेला लावू देणार आहात का? चामखीळ गळून पडावी म्हणून तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचीही गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. बाबा, तुमच्या पाठीवरचा मस. उतारवयात पाठीवर, कानशिलावर मेणाचा थेंब चिकटवल्यासारखे तपकिरी, खरखरीत मस येतात. ते साधे असतात आणि तुमचाही बहुधा तसलाच असेल. पण आई म्हणते की तो दिवाळीनंतर वाढलाय आणि एका बाजूला जास्त काळा झालाय. वाढणारा, वेड्यावाकड्या कडांचा, दोन-तीन रंगांचा, 6 मिलिमीटरहून मोठा किंवा रक्त येणारा डाग आधी दाखवायचा आणि मगच काढायचा. डॉक्टर डर्माटोस्कोपने, म्हणजे उजेडाच्या भिंगाने, तो बघतात. शंका आली तर कापून तुकडा बायॉप्सीला पाठवतात. नुसताच जाळून टाकला तर तपासायला हाती काही उरत नाही. म्हणून "तीळ-मस तासाभरात काढून मिळतील" अशा पाटीच्या पार्लरमध्ये तर मुळीच जाऊ नका.

स्टेंट टाकल्यापासून तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. "कापाकापी आहे" म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. स्किनच्या डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवायची, काय करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतील.

म्हणजे यावेळी बाबा आईला घेऊन येत नाहीयेत, आई बाबांना घेऊन येतेय. आईच्या चामखिळी वाटल्यास गणपतीनंतर काढू, पण बाबांच्या पाठीसाठी पुढच्याच आठवड्यात या. सकाळची एसटी धरा, मी स्वारगेटला उभी असेन. रिक्षावाल्याशी हुज्जत नको, मेट्रोने जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून नळ स्टॉपला उतरू. खर्चाचं बोलायचं नाही, ते मी बघते.

तोवर आई, उद्या सकाळच्या उजेडात बाबांच्या पाठीचा फोटो काढून पाठव. मसाच्या शेजारी पट्टी धर, म्हणजे आकार कळेल. बाबा नको म्हणतील. तरी काढ.

तुमची,
मनू